मद्यपी व्यक्तीच्या आप्तांसाठी स्वमदत गट: नवागतांनी सुरुवात कशी करावी

घरात कोणाला दारूचे व्यसन जडले की बाकीचे लोक मदत शोधायला निघतात ती बहुधा त्या माणसासाठी. डॉक्टर कोणता, औषध कोणते, व्यसनमुक्ती केंद्र कोणते, हे प्रश्न आधी येतात. आणि ‘तुम्ही स्वतः कसे आहात’ असे कोणी विचारलेच तर ‘तो काल पुन्हा पिऊन आला’ असे उत्तर दिले जाते. मीही असाच एका गटात जाऊन पोहोचलो. माझ्या थोरल्या भावाचे पिणे थांबवण्याची युक्ती तिथे मिळेल अशी माझी खात्री होती, आणि पिशवीत एक वही होती, जिच्यात आठ महिन्यांच्या नोंदी होत्या: तारीख, घरी परतण्याची वेळ, किती प्यायला असावा याचा अंदाज आणि त्याने सांगितलेले कारण. ती वही कोणी मागितली नाही. तासाभरात पिणाऱ्यांविषयी फार थोडे बोलले गेले आणि न पिणाऱ्यांविषयी पुष्कळ. त्या दिवशी मी थोडा रागावूनच बाहेर पडलो. तसाच राग किंवा तशीच आशा घेऊन जे पहिल्यांदा अशा गटात जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

गट कशासाठी आहे, हे आधी समजून घ्या

मद्यपींच्या आप्तांचा सर्वांत जुना आणि सर्वदूर पसरलेला गट म्हणजे अल-अनॉन. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘एए’ या नावाने ओळखली जाणारी मद्यपींची संघटना सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, बिल विल्सन, यांनी १९३४ च्या डिसेंबरात दारू सोडली. त्यांच्या पत्नी लोईस यांनी त्याआधीची कितीतरी वर्षे नवऱ्याची दारू सुटावी या एकाच ध्यासात घालवली होती. दारू सुटल्यानंतर एके दिवशी बिल सहज म्हणाले की लवकर आवर, मीटिंगला उशीर होईल. आणि लोईस यांनी बूट उचलून जोरात फेकून मारला. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतःच सांगितला आहे. ज्यासाठी इतकी वर्षे जीव टांगणीला लावला ते घडले, तरी मनातला राग जागच्या जागीच होता, हे त्यांच्या लक्षात आले. मद्यपींच्या मीटिंगा चालू असताना त्यांचे आप्त बाजूला बसून आपापसांत बोलू लागले होतेच. ठिकठिकाणच्या अशा कुटुंबगटांना १९५१ साली लोईस आणि ॲन बी. यांनी एकत्र जोडले आणि अल-अनॉनचा जन्म झाला. (आडनावाचे केवळ आद्याक्षर देण्याची प्रथा याच संघटनांची आहे.) एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे सावरण्यासाठी क्रमाने आचरायची बारा तत्त्वे, या गटाने जशाच्या तशा स्वीकारल्या, बाराव्या पायरीत ‘मद्यपींपर्यंत’ होते तिथे ‘इतरांपर्यंत’ असा एका शब्दाचा बदल तेवढा केला.

या इतिहासातून एक गोष्ट उघड होते आणि नवागताने ती घरातूनच मनाशी पक्की करून निघावे: गट तुमच्यासाठी आहे. तुमचा माणूस दारू सोडेल, असे आश्वासन तिथे कोणी देत नाही. मद्यपाश हा आजार आहे आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्यांनाही त्याची झळ अशी लागते की त्यांचे वागणे, झोप, विचार करण्याची पद्धत सगळेच वाकडे होत जाते, ही गटाची मूळ धारणा आहे. ती तीन छोट्या वाक्यांत सांगितली जाते: हे तुम्ही ओढवून आणलेले नाही, हे तुम्ही आटोक्यात ठेवू शकत नाही आणि हे तुम्ही बरे करू शकत नाही. पहिल्या वाक्याने बहुतेकांच्या डोळ्यांत पाणी येते. दुसऱ्या वाक्याशी बहुतेक जण कित्येक महिने भांडतात.

माझे भांडण कसे होते ते सांगतो. भावाच्या बाटलीच्या लेबलावर मी रात्री पेन्सिलने बारीक खूण करत असे. सकाळी दारू बरोबर खुणेइतकीच दिसे, पण रंग फिका झालेला असे, कारण तो पाणी घालून पातळी खुणेला आणून ठेवत असे. मला ते कळत होते, मला कळले आहे हे त्यालाही कळत होते, आणि तरी दुसऱ्या रात्री मी पुन्हा खूण करत असे. आमच्या दोघांपैकी प्यायलेला मात्र एकच जण होता.

कोणता गट निवडावा

तुमच्या जवळच्या माणसाच्या पिण्याचा तुम्हाला त्रास होत आहे, एवढी एकच अट अल-अनॉनच्या सदस्यत्वाला पुरते. पती-पत्नी, आई-वडील, भावंडे, सासर-माहेरची माणसे, मित्र, सहकारी, वेगळे झालेले जोडीदार, सगळे येऊ शकतात. पिणारी व्यक्ती आज हयात नसली किंवा वर्षानुवर्षे तिच्याशी बोलणे नसले तरीही अडचण नाही. ‘तो खरोखर मद्यपी आहे का’ याचा दाखला कोणी मागत नाही, आणि हा प्रश्न सुटेपर्यंत थांबण्याची गरज तर मुळीच नाही.

शंभराहून अधिक देशांत असे गट आहेत आणि शोधण्याची सोपी वाट म्हणजे संघटनेचे अधिकृत संकेतस्थळ किंवा जवळच्या एए गटाचा संपर्क. एएवाले आप्तांच्या गटाचा पत्ता आनंदाने देतात. मीटिंगच्या यादीत ‘खुली’ आणि ‘बंद’ असे दोन प्रकार दिसतील. खुल्या मीटिंगला विद्यार्थी, समुपदेशक, कोणीही उत्सुक माणूस बसू शकतो. बंद मीटिंग फक्त आप्तांसाठी असते. ‘बंद’ या शब्दाने दचकू नका, ती तुमच्यासाठीच बंद केलेली आहे. काही गट फक्त नवागतांसाठी मीटिंग घेतात, काही एकेका पायरीचा अभ्यास करतात, काही ठिकाणी एक वक्ता आपली कहाणी सांगतो. माझ्या मते पहिल्यांदा नवागतांची मीटिंग किंवा साध्या चर्चेची मीटिंग निवडावी. पायऱ्यांच्या अभ्यासाला पहिल्याच दिवशी बसलो तर मधल्याच इयत्तेत दाखल झाल्यासारखे वाटते.

आई-वडिलांच्या पिण्यात बालपण गेलेल्या प्रौढांसाठी ‘ॲडल्ट चिल्ड्रन ऑफ अल्कोहोलिक्स’ ही वेगळी संघटना आहे. तिची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाली. बारा पायऱ्यांत येणारे देव किंवा ‘उच्चशक्ती’ (आपल्याहून मोठी शक्ती) हे शब्द ज्यांना अजिबात मानवत नाहीत, त्यांनी स्मार्ट रिकव्हरी या संघटनेचे कुटुंबीयांसाठीचे गट पाहावेत. तिथे बारा पायऱ्या नसतात, वर्तनाच्या तंत्रांवर भर असतो. मी स्वतः ‘उच्चशक्ती’ हा शब्द बरेच दिवस मनातल्या मनात वगळूनच ऐकत होतो आणि कोणी हरकत घेतली नाही.

जाण्याआधीची तयारी

तयारी फारशी लागत नाही. नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नसते, ओळखपत्र नसते. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते हे धरून घरची सोय लावावी. वेळेआधी दहा मिनिटे पोहोचले तर दारापाशी कोणीतरी भेटते आणि ‘मी नवीन आहे’ एवढे तीन शब्द बोलून टाकता येतात. उशिरा पोहोचले तर तेच शब्द सगळ्यांसमोर बोलावे लागतात आणि ते जड जाते.

घरी काय सांगून निघावे, हा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. मारहाणीचे भय नसेल तर लपवू नये, असे माझे मत आहे. पण सांगण्याची वेळ निवडावी. तो प्यायलेला असताना किंवा भांडणाच्या भरात ‘मी आता तुझ्यामुळे गटात जाते’ असे फेकलेले वाक्य ही धमकी होते आणि पुढे कित्येक आठवडे तिचीच किंमत मोजावी लागते. ‘मला त्रास होतो आहे, म्हणून मी माझ्यासाठी एका ठिकाणी जात आहे’ एवढे पुरे. त्यावर ‘तिथे जाऊन माझी बदनामी करणार’ असा आरोप बहुधा होईलच. त्याला वाद घालून उत्तर देऊ नये. तिथे आडनावे सांगत नाहीत एवढेच सांगावे आणि ठरल्या वेळी निघावे.

मारहाणीचे भय असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा फोनमध्ये काय दिसते याची काळजी आधी घ्यावी: बंद पडद्यावर झळकणारे संदेश, शोधाचा इतिहास, जतन केलेल्या क्रमांकाचे नाव. ऑनलाइन मीटिंगला बसत असाल तर कानात हेडफोन असावा, दाखवले जाणारे नाव बदलून फक्त पहिले नाव ठेवावे आणि कॅमेरा बंद ठेवायला संकोच करू नये. ऐकू येईल इतक्या अंतरावर पिणारी व्यक्ती असेल तर त्या दिवशी बोलू नये, नुसते ऐकावे.

पहिली मीटिंग

खुर्च्या बहुधा गोलाकार मांडलेल्या असतात. सुरुवातीला एक ठराविक निवेदन वाचले जाते, बारा पायऱ्या वाचल्या जातात, काही ठिकाणी प्रार्थना होते. हा भाग नवागताला कृत्रिम वाटतो आणि थोडा असतोही. पण दर वेळी तेच शब्द ऐकू येण्यातला आधार तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळू लागतो, कारण ज्या घरात संध्याकाळी काय होईल याचा नेम नसतो तिथून आलेल्या माणसाला ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे घडण्याचीच सवय राहिलेली नसते.

त्यानंतर एकेक जण बोलतो. याला सगळे ‘शेअरिंग’ म्हणतात. बोलणारा स्वतःचे पहिले नाव सांगतो, काही मिनिटे स्वतःविषयी बोलतो आणि थांबतो. त्याच्या बोलण्यावर कोणी टिप्पणी करत नाही, मध्येच प्रश्न विचारत नाही, उपाय सुचवत नाही. नवागताला हे सर्वांत विचित्र वाटते. इतके दुःख ओतले आणि समोरून फक्त ‘धन्यवाद’! मी तर पहिल्या दिवशी याला थंडपणा समजलो होतो. या नियमामागचे कारण मात्र पक्के आहे. एखादीला ‘सोडून दे त्याला’ असा सल्ला देणारा माणूस मीटिंग संपल्यावर स्वतःच्या घरी जातो. त्या सल्ल्याचे परिणाम भोगायला ती एकटीच उरते. शिवाय सल्ला आला की ऐकणारा लगेच ‘पण आमच्याकडे तसे नाही’ म्हणत बचावाला उभा राहतो, आणि तो बचाव तर आपण घरी रोजच करत असतो. गोष्ट नुसती ऐकली की तिच्यातला जो तुकडा आपला असतो तो आपोआप चिकटतो.

तुमची पाळी आली तर ‘मी अमुक, आज फक्त ऐकायला आलो आहे’ एवढे म्हणून पुढे पाठवता येते. बोलावेसे वाटले तर पिणाऱ्याच्या कारनाम्यांची यादी न देता या आठवड्यात तुमचे काय झाले ते सांगून पाहा. ‘त्याने पगार उडवला’ हे वाक्य तुम्ही शंभरदा कोणाकोणाला सांगितले असेल. ‘मी रात्री दोन वाजेपर्यंत किल्लीचा आवाज ऐकत जागी होते’ हे वाक्य कदाचित कधीच उच्चारले नसेल. रडू आले तर येऊ द्यावे. कागदी रुमालांचा डबा कुठेतरी जवळच असतो.

मध्ये किंवा शेवटी एक पिशवी अथवा डबा फिरतो. गट आपला खर्च सदस्यांच्या स्वेच्छेने दिलेल्या पैशांवर भागवतात आणि बाहेरून देणगी घेत नाहीत. पहिल्या दिवशी काही टाकण्याची अपेक्षा नसते.

आणि गुप्ततेबद्दल. तिथे कोणाला पाहिले आणि काय ऐकले, हे बाहेर सांगायचे नाही. घरी तर नाहीच, आणि पिणाऱ्याला टोमणा म्हणून तर कधीच नाही. रस्त्यात एखादा सदस्य भेटला तर ‘परवा मीटिंगला दिसला नाहीत’ असे म्हणू नये, कारण त्याच्याबरोबर कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. या लेखात गटातल्या हकिगती म्हणून फक्त माझ्याच आहेत, त्याचे कारण हेच.

सहा मीटिंगांचा नियम

किमान सहा मीटिंगांना बसल्याशिवाय गट आपल्यासाठी आहे की नाही हे ठरवू नये, असे नवागताला सांगितले जाते. हा आकडा मला आधी विक्रेत्याची युक्ती वाटला होता. आता तो कमीच वाटतो. पहिल्या खेपेला आपण घाबरलेले असतो, दुसऱ्या खेपेला तुलना करत असतो (‘यांचे तर माझ्यापेक्षा बरेच बरे आहे’, किंवा ‘माझे इतके काही वाईट नाही’), आणि तिसऱ्या खेपेला कंटाळा येतो. त्यापुढे ऐकणे सुरू होते. जमल्यास या सहा मीटिंगा दोन वेगवेगळ्या गटांत कराव्यात, कारण प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. एखाद्या गटात एकच व्यक्ती सगळा वेळ खात असेल, कोणी तुम्हाला आपला व्यवसाय किंवा पंथ विकू पाहत असेल, किंवा नवागताशी नको तितकी जवळीक साधत असेल, तर सहाची वाट पाहू नये. दुसरा गट पाहावा.

गट मानवला की फोन क्रमांकांची यादी मागून घ्यावी आणि संकट नसतानाच एखाद्याला फोन करून पाहावा. साध्या दिवशी केलेला फोन सोपा असतो. तो एकदा केला की वाईट रात्री बोट त्या क्रमांकावर जाते. काही महिन्यांनी ‘स्पॉन्सर’ घेता येतो, म्हणजे पायऱ्यांवरून चालताना सोबत करणारा एक अनुभवी सदस्य. तो समुपदेशक नसतो, त्याचे शिक्षण त्याच्या स्वतःच्या घरात झालेले असते. ज्याची कहाणी सर्वांत करुण आहे त्याला न निवडता ज्याच्या चेहऱ्यावर थोडी स्वस्थता दिसते त्याला निवडावे.

गटात वारंवार ऐकू येणारी घोषवाक्ये, ‘एका वेळी एक दिवस’, ‘आधी महत्त्वाचे’, ‘जगा आणि जगू द्या’, ही दिनदर्शिकेच्या पानावरच्या सुविचारांसारखी वाटतात. पण डोके तापलेले असताना मोठा विचार करता येत नाही. तेव्हा चार शब्दच हाती लागतात, आणि तेवढ्यासाठीच ती आहेत.

घरात काय बदलायचे

पहिला बदल पांघरूण घालणे थांबवण्याचा. त्याच्या कार्यालयात फोन करून ‘ताप आहे’ सांगणे, उधारी गुपचूप फेडणे, ओकारी पुसून सकाळी काहीच न घडल्यासारखे वागणे, नातेवाइकांसमोर सारवासारव करणे, ही सगळी प्रेमापोटी केलेली कामे असतात आणि त्यांतून पिणाऱ्याला त्याच्या पिण्याचे परिणाम कधी दिसतच नाहीत. सगळी एकाच दिवशी बंद करण्याची शपथ घेऊ नये. एक निवडावे. मी कार्यालयात फोन करणे थांबवले. तेही ‘आजपासून तुझे तू बघ’ असे तोऱ्यात न सांगता आदल्या संध्याकाळी, तो शुद्धीत असताना, शांतपणे सांगितले. पहिल्या सकाळी फोन वाजत राहिला आणि मी दुसऱ्या खोलीत बसून तो मोजला: अकरा वेळा वाजला.

दुसरा बदल मर्यादा आखण्याचा. मर्यादा आणि धमकी यांत नवागतांची नेहमी गल्लत होते. ‘पुन्हा पिऊन गाडी चालवलीस तर बघ’ ही धमकी आहे. तिच्यात तो काय करील याचीच चर्चा आहे आणि आपण काय करणार हे धूसर आहे. ‘तू प्यायला असशील तेव्हा मी गाडीत बसणार नाही आणि मुलांनाही बसू देणार नाही’ ही मर्यादा आहे, कारण ती पाळणे पूर्णपणे बोलणाऱ्याच्या हातात आहे. जी पाळता येणार नाही अशी मर्यादा बोलूनच दाखवू नये. गटात याला ‘प्रेमासह अलिप्तता’ म्हणतात. अलिप्तता म्हणजे अबोला नव्हे. तो जिथे पडला तिथे त्याला थंडीत कुडकुडत ठेवणेही नव्हे. पांघरुणाचा खऱ्या अर्थाने उपयोग तिथे जरूर करावा.

तिसरी गोष्ट वेळेची. पिऊन आलेल्या माणसाशी त्या रात्री काहीही ठरवायला जाऊ नये. त्या बोलण्यातली वचने आणि शिव्या दोन्ही सकाळपर्यंत टिकत नाहीत.

जिथे गट पुरेसा नाही

काही परिस्थितींत मीटिंगची वाट पाहणे धोक्याचे असते. बराच काळ रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्यांनी एकदम बंद करणे, त्याला खोलीत कोंडून ठेवणे, हा उपाय जिवावर बेतू शकतो. शेवटच्या पेयानंतर काही तासांतच हातांना कंप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास आणि तीव्र ताप असलेली अवस्था येऊ शकते, जिच्यात उपचाराअभावी मृत्यू होऊ शकतो. दारू सोडवणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. तसेच दारू प्यायल्यास त्रासदायक प्रतिक्रिया येईल अशी डायसल्फिरामची गोळी अन्नात मिसळून चोरून देऊ नये. माणसाला माहीत नसताना तो त्यावर प्यायला तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतात, आणि वाचला तर तो तुमच्या हातचे पुन्हा निर्धास्तपणे खाणार नाही.

प्यायलेला माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद किंवा मध्येच थांबून येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपून उतरेल’ असे म्हणू नये; कुशीवर वळवून तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. मारहाण, मुलांवर हात, आत्महत्येची भाषा, यांपैकी काहीही असेल तर पोलीस, रुग्णालय, हिंसापीडितांसाठीच्या सेवा आधी, गट त्यानंतर. ‘मी माझ्यात बदल करते आहे’ हे वाक्य मार सहन करण्याचे समर्थन होता कामा नये, आणि तसे कोणी सुचवत असेल तर ते गटाचे तत्त्व नव्हे, त्या व्यक्तीचा गैरसमज आहे.

आणि ज्यांचा मुख्य हेतू माणसाला उपचारापर्यंत आणणे हाच आहे, त्यांना मोकळेपणाने सांगायला हवे की त्यासाठी अल-अनॉन हे सर्वांत परिणामकारक साधन नाही. ‘क्राफ्ट’ नावाची एक पद्धत आहे, जिच्यात प्रशिक्षित समुपदेशक आप्तांना शिकवतो की न पिण्याच्या वेळा आनंदाच्या कशा कराव्यात, पिण्याचे परिणाम त्याचे त्याला कसे भोगू द्यावेत, आणि उपचाराचा विषय कोणत्या क्षणी काढावा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १३० आप्तांना तीन प्रकारांत विभागले होते. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के जणांचा माणूस उपचाराला गेला. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून बोलण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते आणि अल-अनॉनकडे वळवणाऱ्या समुपदेशनात १३ टक्के. आप्तांची स्वतःची मनःस्थिती मात्र तिन्ही प्रकारांत जवळपास सारखीच सुधारली. दोन्ही वाटा एकमेकींच्या आड येत नाहीत. समुपदेशकाकडे ती पद्धत शिकावी आणि आठवड्याच्या मीटिंगलाही जावे, असे मला अनुभवाअंती वाटते. कारण समुपदेशनाची सत्रे ठराविक असतात, आणि घर त्यानंतरही चालूच राहते.

मुलांसाठी

किशोरवयीन मुलांचा ‘ॲलटीन’ हा विभाग १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका मुलामुळे सुरू झाला, ज्याचे वडील एएमध्ये आणि आई अल-अनॉनमध्ये जात होती. ॲलटीनच्या मीटिंगा मुलेच चालवतात, पण अल-अनॉनचे प्रौढ सदस्य तिथे जबाबदारीने हजर असतात. मुलांना ओढून नेऊ नये. आधी स्वतः जावे आणि घरी परतल्यावरचा आपला चेहरा त्यांना पाहू द्यावा. लहान मुलांना सांगायचे ते थोडक्यात आणि खरे असावे: बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तू गुणी वागलास म्हणून तो जाणारही नाही. हे शेवटचे मुलांना कोणी सांगत नाही आणि ती वर्षानुवर्षे गुणी वागत राहतात.

त्याने दारू सोडली तर

तर गटात जाणे थांबवण्याची घाई करू नये. लोईस यांचा बूट दारू सुटल्यानंतरच उडाला होता. शुद्धीवरचा माणूस घरातल्या निर्णयांत आपली जागा परत मागतो, आणि इतकी वर्षे सगळे एकहाती सांभाळलेल्याला ते सोडणे अवघड जाते. तो रोज संध्याकाळी मीटिंगला जाऊ लागला की ‘आधी दारूला वेळ, आता एएला’ अशी तक्रारही सुरू होते. मधूनच घसरण होऊ शकते, आणि तेव्हा आपण पुन्हा वास घेऊ लागतो, खिसे तपासू लागतो. माझ्या भावाने सोडल्यानंतर चार महिन्यांनी माझ्या हातात पेन्सिल आली होती. खूण करायला बाटलीच नव्हती.

जवळपास गटच नसेल तर

ऑनलाइन आणि फोनवरच्या मीटिंगा हा पहिला पर्याय. समोरासमोरचा गटच हवा असेल तर तो सुरू करण्यासाठी दोन आप्त पुरतात. परस्परांना मदत करण्यासाठी एकत्र येणारे दोघे-तिघे स्वतःला अल-अनॉन गट म्हणवू शकतात, फक्त गट म्हणून त्यांचा दुसऱ्या कोणत्याही संस्थेशी संबंध नसावा. संघटनेच्या कार्यालयाला कळवले की नोंदणी होते आणि सुरुवातीचे साहित्य मिळते. जागा अशी निवडावी की तिथे ये-जा करणाऱ्याकडे पाहून कारण ओळखू येणार नाही. वार आणि वेळ एकदा ठरवली की बदलू नये, कारण नवागत कुठूनतरी ऐकून येतो तेव्हा त्याच्याजवळ तेवढीच माहिती असते. पहिले काही आठवडे दोघेच असाल; एखाद्या दिवशी दुसराही येणार नाही. तरी दिवा लावून, चार खुर्च्या मांडून, दार उघडे ठेवून पूर्ण तास बसून राहावे. कोणीतरी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आत जावे की नाही याचा विचार करत असते, आणि पहिल्या खेपेला ते बहुधा तिथूनच परत जाते.